भिंतीलगतची निळी रांग

तिला सगळे बटणवाली म्हणत. शर्टांच्या कारखान्यात बटणं लावण्यात तिचं उभं आयुष्य गेलं होतं. दोरा दातांनी तोडून तोडून पुढच्या दाताला बारीक खाच पडली होती. बाई तशी अबोल. आयुष्यात एकाच माणसाला ती जिव्हारी लागेल असं बोलली होती, आणि तो तिचा नवरा.

नवरा बसकंडक्टर. सीटखाली सापडलेला रुमाल, टोपी, एकदा तर एकाच पायाचा बूट, असलं काहीबाही तो घरी घेऊन यायचा. ती डाफरली की विचारायचा, मग काय रस्त्यावर टाकून देऊ? बुटाचा दुसरा पाय कधी सापडला नाही, पण तो बूट पलंगाखालून हललाही नाही.

शेजारी, एका भिंतीपलीकडे, धाकटी जाऊ. तिला फुलांचं वेड. तिच्या भावाने डोंगरातून कॉर्नफ्लॉवर नावाच्या निळ्या फुलाचं बी आणून दिलं होतं. बाजारातलं नव्हे, रानटी. धाकटीने कुंड्या भरून खत घातलं, दोन्ही वेळा पाणी घातलं. झाडं नुसती पानांनी माजली आणि आडवी झाली. फुलं आली ती औषधापुरती. त्यांचंच बी तिने मागच्या पायरीवर कागदावर वाळत टाकलं. दुपारी बघते तर कागद कोरा.

पुढच्या वर्षी भिंतीच्या अलीकडे, बटणवालीच्या अंगणातल्या खडीत, निळ्या फुलांची रांग ताठ उभी राहिली.

धाकटी भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "छान आलीत हो. बी कुठून आणलंत ते काही मी विचारत नाही."

तेव्हापासून तिने खरंच काही विचारलं नाही, जेवलात का एवढंसुद्धा.

बटणवाली हबकलीच. हा नवऱ्याचाच उद्योग, दुसऱ्या कुणाचा असणार? त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की आपण त्या बियांना शिवलेलोसुद्धा नाही. ती म्हणाली, "तुमचे हात मला माहीत आहेत."

त्यानंतर त्याने कुणाची विसरलेली वस्तू घरी आणली नाही. काही वर्षांनी तो गेला. जावेपुढे तिने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर नवरा उघडा पडला असता. त्यापेक्षा आपणच चोर ठरलेलं बरं. फुलं मात्र दर वर्षी आपसूक उगवत, आणि ती त्यांच्याकडे पाठ करून भांडी घाशी.

यंदा लेकीने फोनवर बी मागितलं. पाठ फिरवूनही बाईला त्या झाडांचं सगळं कळलेलं होतं. तिने सांगितलं, की थंडी पडायच्या आधी पेर, आणि हवं तिथेच पेर. उपटून दुसरीकडे लावलंस तर रुसतं. बोटाच्या पेराएवढं मातीखाली दडप, उजेडात ते उगवत नाही. खताचे लाड नकोत. सुकलेली फुलं खुडत जा म्हणजे नवी येतील, शेवटची तेवढी बियांसाठी ठेव.

वाळलेली बोंडं चुरडून तिने बी ताटलीत काढलं, पायरीवर ठेवलं आणि गॅस बंद करायला आत गेली. परत आली तर बी चालत होतं.

आधी तिने चष्मा पुसला. मग खाली वाकली. एकेका बियेखाली एकेक मुंगी होती. बियेच्या बुडाशी फिकट, तेलकट गाठ असते; तीच तोंडात धरून मुंग्या बी ओढत होत्या. रांग पायरी उतरली, भिंतीच्या कडेकडेने निळ्या झाडांच्या बुंध्यांना घासत गेली आणि एका फटीत शिरली. फटीच्या तोंडाशी गाठी खाऊन फेकलेल्या बियांचा ढीग होता. तिने गाल जमिनीला टेकवून पाहिलं. फट आरपार होती. पलीकडे धाकटीची पायरी दिसत होती.

ती खडीवर तशीच बसून राहिली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता त्याने.

मग ताटली घेऊन ती धाकटीच्या दारात गेली. तिला पाहून धाकटीचा हात कडीवरच राहिला.

"यांनी घेतलं नव्हतं गं बी," बटणवाली म्हणाली. "मुंग्यांनी नेलं. चल, दाखवते तुला."

धाकटीने विचारलं, "भावजींनी? भावजींचं नाव कोणी घेतलं होतं?"

"म्हणजे?"

"मला वाटलं, तुम्हीच घेतलंत. भावजी कशाला घेतील, जाऊबाई? बसमध्ये राहिलेली माझी छत्री भर पावसात आणून दिली होती त्यांनी. स्वतः भिजत आले होते."

बटणवालीची जीभ दाताच्या त्या खाचेवर गेली आणि तिथेच थांबली. हातातल्या ताटलीत एक मुंगी राहिली होती. बी ओढत काठापर्यंत यायची आणि वाट न सापडून परत फिरायची.