दोघांनी घ्यायच्या गोळ्या

मंडळाच्या फळ्यापाशी थांबणाऱ्या मित्रांनो, आजचं आजच लिहून चिकटवायलोय. डोकं अजून तापलेलंच आहे.

माझ्या तायडीला अंगावरून पांढरं जातं. पांढरं खाल्लं की पांढरं जातं, म्हणून सासूनं तिचं दही-ताक बंद केलं. वर रोज तुरटीच्या पाण्यानं आतून धुवायला लावलं. आता तिला धड बसताही येत नाही.

आज परभणीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई कडाडल्या, "धुवायला कोणी सांगितलं?"

आई म्हणाली, "तिच्या सासूनं. आमीबी तेच करत आलो, बाई."

"अहो, दह्यात विरजण असतं ना, तसे बाईच्या अंगातही चांगले जंतू असतात. तुरटीनं तेच मारले तुम्ही!"

त्यांनी गोळ्या दिल्या. नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या, नाहीतर नवऱ्याकडून दुखणं परत येणार.

दाजी एसटी स्टँडवर तायडीला न्यायला आले होते. मी गोळ्या पुढं केल्या.

"मला काय धाड भरलीय? तुमच्या पोरीचा रोग माझ्या तोंडात कशाला?" म्हणत त्यांनी पुडी भिरकावली.

मी कॉलर धरली. आईनं माझाच हात सोडवला. "जावई हायेत रं ते!"

तायडीनं गोळ्या वेचल्या अन् त्यांच्यामागं जिंतूरच्या गाडीत चढली. खिडकीतून मला एवढंच म्हणाली, "लिही तुझ्या फळ्यावर."

जिच्या प्रेमापायी मी कॉलेज सोडलं, ती पोरगी उद्या माझी बायको होऊन गोळी पुढं करेल, तर मी खाईन. तुमी खाल का?