लॉकरिज बाईंच्या मयताला आलेलं गाव

मिसिसिपीच्या काठी बेलफोर्ड गावात टेकडीवर जे मनोऱ्याचे, तांबड्या विटांचे घर आहे, त्याला सारे ‘बटणवाल्यांचं घर’ म्हणतात. नदीतल्या शिंपल्यांपासून बटणे कापणारा कारखाना लॉकरिज घराण्याने तिथे काढला आणि त्याच्या जोरावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या थाटाचे हे घर उभे केले. पुढे प्लास्टिकची बटणे आली, कारखाना गेला, घराणे पांगले. घर तेवढे नगरपालिकेच्या नावावर संग्रहालय म्हणून उरले. आर्डिस लोकेन यांच्या हाती त्याच्या किल्ल्या आल्या, तेव्हा त्या शाळेची बस चालवण्याच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. किल्ल्या देणारी समिती वयोमानाप्रमाणे विरळ होत गेली, आणि कोणी न सांगता, न नेमता आर्डिसबाई म्हणजेच समिती झाली.

बसमधली शिस्त त्यांनी तशीच्या तशी घरात आणली. पाहुण्यांनी रांगेत चालायचे, हात खिशात ठेवायचे आणि मखमली दोरीच्या अलीकडे राहायचे, हे त्या दारातच सांगत. शिकागोहून आलेल्या एका गृहस्थांनी एकदा दोरी ओलांडून दिवाणखान्यातल्या कोचावर जरा टेकण्याचे धाडस केले.

“उठा,” आर्डिसबाई म्हणाल्या. “त्या कोचावर शेवटचं कोणी बसलं, तेव्हा गावात मोटार आली नव्हती.”

“पाय दुखतायत हो.”

“कोचाचेही दुखतायत. चारही.”

गृहस्थ उठले. घर असे जपले जात होते. परंतु वरून पाणी झिरपत होते, त्याला दरडावून उपयोग नव्हता. मनोऱ्याचे छत कुजले होते, त्याचा जिना बंद करावा लागला होता, आणि घर दाखवून जे काही जमे ते खालच्या खिडक्यांच्या दुरुस्तीलाही पुरत नसे. तेव्हा त्यांची मैत्रीण बर्नडीन क्लूस हिने जेवणावळींची कल्पना काढली. बर्नडीनने कॅथलिक चर्चच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेला. तिचे म्हणणे एवढेच होते की, “लोक बघायला एकदा येतात, जेवायला पुन्हा येतात.”

नाताळात भाजलेल्या बदकाचे जेवण झाले, उन्हाळ्यात आगबोटीच्या कप्तानाची मेजवानी झाली. वाढणाऱ्या बायका पांढरे हातमोजे घालत, आणि सूप कोणत्या काळात कोणत्या बाजूने वाढत असत, याबद्दल आर्डिसबाई तडजोड करीत नसत. मात्र मूळच्या खुर्च्या दोरीपलीकडेच राहत आणि पाहुणे चर्चमधून उसन्या आणलेल्या घडीच्या खुर्च्यांवर बसत.

“राणीचं जेवण आणि लोखंडी खुर्ची,” बर्नडीन पुटपुटे. “आर्डिस, तुझ्या दोरीनं एक दिवस घराचाच गळा आवळणार आहेस तू.”

“खुर्ची मोडली तर तू नवी आणशील? त्याच काळातली?”

बाहेरगावचे लोक येत, वाखाणून जात. गावातले मात्र कोणी फिरकत नसे. लहानपणी शाळेच्या सहलीतून ते एकदा येऊन गेलेले असत, आणि तेवढे त्यांना पुरेसे वाटे. नेमके याच गोष्टीवर नगराध्यक्ष मर्ल स्टानेक यांनी बोट ठेवले. टेकडीच्या पायथ्याच्या दवाखान्याला मोटारी उभ्या करायला जागा हवी होती, आणि घर पाडून ती द्यावी, असा ठराव नोव्हेंबरच्या बैठकीत यायचा होता. मर्ल लहानपणी आर्डिसबाईंच्याच बसने शाळेत जात. ठरावाची ही गोष्ट सांगायला ते स्वतः आले आणि टोपी हातात धरून दारातच उभे राहिले.

“मिसेस लोकेन, मनात काही ठेवू नका. पण खरं सांगा, गावातलं कोण येतं इथे?”

“यायला हवं.”

“हवं ते वेगळं. येतं कोण? गावाला हे घर नकोच असेल, तर मी एकटा कशाला वाईटपणा घेऊ?”

आर्डिसबाईंना रात्रभर हेच सलत राहिले की मर्ल खोटे बोलत नव्हते. गावाला घर हवे आहे, हे बैठकीच्या आधी दिसायला हवे होते. नाही दिसले तर घर जाणार होते. त्यांनी ऑक्टोबरअखेरीच्या जेवणावळीसाठी जुन्या काळचे शोकभोजन ठरवले. आरशांवर काळी वस्त्रे घालायची, घड्याळ थांबवायचे, दाराला काळी झालर लावायची, दिवाणखान्यात शवपेटी ठेवायची, आणि घराच्या पहिल्या मालकीणबाई कॉर्डेलिया लॉकरिज यांचे मयत त्या काळच्या रीतीने पुन्हा मांडायचे. नगरपालिकेच्या सर्व सभासदांना त्यांनी निमंत्रणे धाडली. एकाचेही उत्तर आले नाही. तिकिटे घेतली ती पुन्हा बाहेरगावच्यांनीच.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी गावच्या साप्ताहिकात जाहिरात दिली. ती त्यांनी जुन्या शोकपत्रिकेच्या भाषेत, काळ्या चौकटीत, शब्द न् शब्द तपासून लिहिली होती: श्रीमती कॉर्डेलिया लॉकरिज यांचा अंत्यविधी शनिवारी सायंकाळी पाच वाजता त्यांच्या राहत्या घरी होईल, स्नेह्यांनी उपस्थित राहावे. खाली जेवणाचा आणि तिकिटांचा मजकूर होता. साप्ताहिकात जुळणी करणाऱ्याने काळी चौकट पाहिली, जागेची टंचाई पाहिली, खालचा मजकूर काढून टाकला आणि उरलेले निधनवार्तांच्या पानावर बसवले.

“बर्नडीन, पान सहा बघितलंस?” आर्डिसबाईंनी फोन केला.

“बघितलं. फार शोभून दिसतेय. शेजारी ट्रॅक्टरवाल्या हूपरचा फोटो आहे, दोघांची जोडी छान जमलीय.”

“थट्टा सोड. मर्ल हे बैठकीत वाचून दाखवेल. सगळं गाव हसेल मला.”

“अगं पण, बाई कधी वारली ते साल का नाही घातलंस?”

“त्या काळी शोकपत्रिकेत साल घालत नसत.”

“मग भोग आता. त्या काळच्या रीतीनं.”

पुढचा अंक निघणार तो शनिवारनंतर. दोघींनी एकमेकींची समजूत घातली की शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या बाईच्या मयताला कोणी येत नाही.

शनिवारी पाचाच्या बऱ्याच आधी होइट ब्रँडव्होल्ड हे वृद्ध शेतकरी पत्नी लॅव्होनसह पायऱ्या चढून आले. होइटच्या अंगात लग्नातला काळा कोट होता. लॅव्होनच्या हातात चीज घातलेल्या बटाट्यांची, फडक्यात गुंडाळलेली थाळी होती. या पदार्थाला त्या मुलखात सरळ ‘मयताचे बटाटे’ म्हणतात.

“आर्डिस, फार वाईट झालं,” लॅव्होन म्हणाली.

“काय झालं?”

“हेच. कुठे ठेवू? हात भाजतायत.”

“लॅव्होन, तू त्यांना ओळखत होतीस?”

“तसं नाही गं. पण नाव अगदी ओळखीचं वाटलं. आणि ओळख नाही म्हणून हात हलवत घरी बसायचं का?”

नाव ओळखीचे वाटणारच. गावातल्या हमरस्त्याला तेच नाव होते. आर्डिसबाई खुलासा करणार, तोच मागे आणखी चौघे दिसले, त्यांच्यामागे मोटारी थांबताना दिसल्या. काळे कपडे घातलेली माणसे झाकलेली भांडी सांभाळीत टेकडी चढत होती. हॅमचे सँडविच आले, सारण भरलेली अंडी आली, जेलीत बसवलेली फळे आली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी होती. कोण गेले हे कोणालाच धड ठाऊक नव्हते, आणि ते विचारून आपले अज्ञान उघडे करण्यापेक्षा हळू आवाजात “चांगली बाई होती” म्हणणे प्रत्येकाला सोयीचे वाटत होते. तिकिटे काढून आलेले परगावचे पाहुणे हा देखावा ठरवलेलाच आहे असे समजून थक्क होत होते.

स्वयंपाकघराच्या दारातून बर्नडीनने डोके बाहेर काढले. “आर्डिस, अंड्यांच्या थाळ्या मोजायचं मी सोडलंय. अख्खं गाव मेलं की काय?”

“गाव नाही. गाव आलंय.”

तेवढ्यात मर्ल स्टानेक आले. निवडून येणाऱ्या माणसाला गावातले एकही मयत चुकवून चालत नाही, आणि आर्डिसबाईंचे निमंत्रण त्यांनी उघडलेच नव्हते. पत्नीने दिलेली हिरव्या जेलीची थाळी बाजूला ठेवून त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला.

“मिसेस लोकेन, गावाची फार मोठी हानी झाली. चांगली ओळख होती आमची. गेल्याच वसंतात भेटलो होतो. या वयात सुद्धा काय तल्लख होत्या!”

“कोण? कॉर्डेलिया?”

“गावाचा आधार होत्या.”

आर्डिसबाईंनी आपला हात सोडवून घेतला. गप्प राहिले असते तर संध्याकाळ अशीच निभावून गेली असती, लोक जेवून, डोळे टिपून घरी गेले असते. परंतु फसवून जमवलेल्या गर्दीला गावाची पसंती म्हणणे त्यांना जमणारे नव्हते. त्या जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. त्या टाळीसरशी एकेकाळी त्यांच्या बसने शाळेत गेलेली चाळिशी-पन्नाशीची माणसे आपोआप गप्प झाली.

“ऐका. माझी चूक झाली आहे, छापणाऱ्याचीही झाली आहे. आज इथे नाटक होतं, त्याची तिकिटं होती. शवपेटी रिकामी आहे. कॉर्डेलिया लॉकरिज अठराशे नव्याण्णवच्या हिवाळ्यात वारल्या.”

कोणाच्या तरी हातातला काटा खाली पडला. मर्ल यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

“आणि आता आलाच आहात तर हेही ऐका,” आर्डिसबाईंचा आवाज थोडा खाली आला. “त्या हिवाळ्यात त्यांच्या नवऱ्यानं कारखान्याला टाळं ठोकलं होतं. माझी पणजी तिथे बटणं पुठ्ठ्यावर शिवायची. तुमच्याही पणज्या तिथेच होत्या. त्या रागानं बाईंच्या मयताला गावातलं एकही माणूस ही टेकडी चढलं नाही. एकही थाळी आली नाही.”

मग होइटने घसा खाकरला.

“म्हणजे आपल्याला जरा उशीर झाला म्हणायचा.”

“बटाटे तरी गरम आहेत,” लॅव्होन म्हणाली.

मागून कोणीतरी विचारले, “मर्ल, तू वसंतात भेटला होतास ना रे? तेव्हा कशी होती तब्येत?” त्यासरशी दिवाणखाना, जिना, ओसरी सारे हास्याने दणाणून गेले. मर्ल आधी छताकडे पाहत राहिले, मग तेही हसू लागले, आणि हसता हसता जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसले.

जेवायला माणसे शेकड्याने आणि घडीच्या खुर्च्या जेमतेम तीस. आर्डिसबाई खाली उतरल्या आणि दिवाणखान्याच्या दाराशी गेल्या. मखमली दोरीचा पितळी आकडा त्यांनी काढला, दोरी गुंडाळून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “बसा.” लोक बसले, कोचावर, मूळच्या खुर्च्यांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर. होइटच्या खाली एक खुर्ची कण्हली, तेव्हा त्या “हळू रे, हळू!” असे ओरडल्या, पण खुर्ची टिकली. या कठड्याचे लाकूड आपल्या आजोबांनी कोरले, असे एक सुतार सगळ्यांना हात धरून दाखवू लागला. वरच्या मजल्यावर बादल्यांत टपटपणारे पाणी पाहून आलेल्या बायका खाली येऊन नवऱ्यांना टोचू लागल्या. “दवाखान्याला मोटारी कुठे लावायच्या ते सांगा मला,” मर्ल केविलवाणे म्हणाले, आणि जिन्यावरच तीन जणांनी त्यांना नदीकाठचे रिकामे धान्याचे कोठार सुचवले.

नोव्हेंबरच्या बैठकीला सभागृहात उभे राहायला जागा उरली नाही. घर पाडण्याच्या बाजूने कोणाला बोलायचे आहे काय, असे मर्ल यांनी नियमाप्रमाणे विचारले आणि नियमापेक्षा बराच जास्त वेळ वाट पाहिली. कोणी उठले नाही. घर राखावे आणि दवाखान्याला कोठाराची जागा द्यावी, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला, आणि तो एकमताने मंजूर झाला.

वसंतात मनोऱ्याभोवती परांची उभी राहिली. मनोऱ्याचे छत नवे झाल्यावर बंद जिना उघडला गेला. सुताराने फळी ठोकून पाहिली, वजन पेलते म्हणाला, आणि पहिल्यांदा वर कोणी जायचे याबद्दल वाद झाला नाही. खाली अंगणात उन्हाळ्यातल्या पहिल्या मेजवानीची टेबले मांडली जात होती. आर्डिसबाई कठडा धरून वर पोचल्या. इतकी वर्षे ज्या घराची त्या राखण करीत होत्या, त्याच्या माथ्यावरून त्यांना नदी पहिल्यांदाच दिसत होती: रुंद, तपकिरी, बेटांना वळसे घालीत थेट खालच्या वळणापर्यंत.

“आर्डिस!” खालून बर्नडीनने हाक मारली. “उतर आता, सूप निवतंय!”

“निवू दे!” आर्डिसबाई वरून ओरडल्या. “सगळ्यांना घेऊन तूच वर ये!”