भित्रे मेंबरसाहेब

मधली सुट्टी संपत आली होती. शाळेच्या फाटकाशी मेहकरच्या मोटारीचे ड्रायव्हर रहीमभाई उभे दिसले. इतक्या वर्षांत ते कधी बुलढाण्याच्या शाळेपर्यंत आले नव्हते. खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसत ते म्हणाले, "बाई, चाला. मेंबरसाहेब सकाळी गेले. काकूनं तुमाले आनाले सांगितलं." मी हातातला खडू तसाच मुठीत धरून त्यांच्या मागं निघाले.

मेंबरसाहेब म्हणजे माझे नानाकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. दिल्लीच्या कायदेमंडळातली त्यांची मुदत संपून कितीतरी वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर वऱ्हाडातून दुसरे गेले, तिसरे गेले, भाषणं गाजली, हारतुरे झाले. पण मेहकरात 'मेंबरसाहेब' म्हटलं की लोक अजून पैनगंगेच्या बाजूच्या त्या कौलारू घराकडेच बोट दाखवत. काहीजण आदरानं, काहीजण अजूनही दात खाऊन. त्यांना जाऊन आता महिना उलटला. या पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल लिहा असं सांगणं आलं तेव्हा वाटलं, लोक त्यांच्या धैर्याबद्दल वाचायला बसतील. मला मात्र आधी त्यांच्या भीतीबद्दल सांगायचं आहे, कारण मी ओळखत होते तो माणूस फार भित्रा होता.

नानाकाका विजेला भीत, कुत्र्याला भीत, कचेरीतल्या हाकिमाला भीत. वकिली करायचे, पण कोर्टात उभं राहिलं की त्यांचं तोंड कोरडं पडायचं, म्हणून यमुनाकाकू त्यांच्या कोटाच्या खिशात खडीसाखर टाकून द्यायच्या. असा माणूस दिल्लीला कसा गेला? तालुक्यातले दोन बडे खातेदार एकमेकांना पाण्यात पाहत होते. दोघांपैकी एकाला उभं केलं तर दुसरा बिघडणार, म्हणून कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या नानाकाकांचं नाव पुढं आलं. मतं तरी कुणाला होती तेव्हा? सारा भरणाऱ्या मोजक्या माणसांना. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालायचा, पण कागदोपत्री मुलूख निजामाचा. त्यामुळं इथल्या लोकांनी निवडून दिलेला माणूसही सरकारी गॅझेटात 'नेमलेला' म्हणून छापून येई. त्याचीसुद्धा नानाकाकांना धास्ती. "लोकायनं धाडलं का सरकारनं, हेच समजत नाई," ते काकूंना म्हणायचे. "उद्या दोघंही म्हनतीन, हा आमचा नाई." त्यांच्याआधी वऱ्हाडातून गेलेली माणसं नावाजलेले वक्ते होते. नानाकाका दिल्लीत तोंड उघडत नाहीत हे इकडं कळलं तेव्हा लोकांनी त्यांचं नाव 'मुका मेंबर' पाडलं.

मग तो कायदा आला. चौदा वर्षांच्या आत मुलीचं, अठराच्या आत मुलाचं लग्न करू नये, एवढंच त्यात होतं. पण आमच्या भागात जणू गावावर दरोडा येणार अशी कुजबुज सुरू झाली. सुट्टीत नानाकाका मेहकरला आले होते तेव्हा गावोगावची वजनदार माणसं त्यांच्या ओसरीवर येऊन बसली. त्यांत आमच्या खेड्याहून आलेले माझे वडीलही होते. मी आईबरोबर स्वयंपाकघराच्या दारामागं उभी होते. एक म्हातारे खातेदार शांतपणे म्हणाले, "नानासाहेब, आमी तुमाले तिकडं धाडलं. आता धरमाच्या आड याल, तं गावात राहाले जागा राहनार नाई. हे समजून असा." आवाज चढलेला नव्हता आणि तेच जास्त भीतीचं होतं. नानाकाका नुसते धोतराचा काठ बोटांत चुरगाळत राहिले. सगळ्यांना वाटलं, मुका मेंबर मुकाच राहणार.

दिल्लीत त्या दिवशी काय झालं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मत घ्यायची वेळ आली की तिथं उठून चालत जावं लागतं. 'होय' म्हणणाऱ्यांनी एका दारानं, 'नाही' म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या दारानं. "सुमे, पायच उचलेनात," ते म्हणाले. "वाटलं, बसूनच राहावं. कोनी पाह्यतही नव्हतं मायाकडं. मंग तू डोया‌म्होरं आली... दाराआडून पाह्यत होती ना तू त्या दिवशी? मले दिसली होती." ते होय म्हणणाऱ्यांच्या दारानं गेले. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी विचारलं, बरं वाटत नाही का?

बातमी त्यांच्या आधी इकडं पोचली. कायदा झाला होता, पण लागू व्हायला अवकाश होता, आणि त्या अवकाशात जो तो आपापल्या मुली उजवून टाकायला धावला. गावोगाव मांडव पडले. पाळण्यातल्या पोरींनासुद्धा बाशिंगं बांधली गेली. मला अकरावं लागलं होतं. वडिलांनी माझं लग्न ठरवलं ते उंद्री गावापासून बैलगाडीच्या वाटेवरच्या एका घरी. नवरा बिजवर, मिशा असलेला, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. मला पाहायला आलेल्या बायकांनी माझे दात पाहिले, केस सोडून पाहिले. मी रात्रंदिवस आईच्या पदराला धरून असायचे. आई पोळ्या लाटता लाटता मधेच थांबून दाराकडं बघायची. मेंबराच्या सख्ख्या भावाच्या घरचं लग्न म्हणून सगळ्या पंचक्रोशीचं लक्ष आमच्याकडं होतं. मेंबराच्या घरातच त्याचा कायदा कुणी मानत नाही, हे लोकांना बघायचं होतं. वडिलांनी भावाला कळवलं नव्हतं. आईनं कळवलं. रहीमभाई तेव्हा नव्यानंच मोटार चालवायला लागलेले. त्यांची मेहकरची मोटार आमच्या गावावरून जायची. आईनं विहिरीवरून येताना त्यांना गाठून एवढंच सांगितलं, "भाऊजीले म्हना, हळद लागाच्या आत या."

ते आले तेव्हा दुपार होती. मांडवाच्या मेढी पुरल्या गेल्या होत्या. मोटारीचा आवाज आला आणि सगळा गाव वेशीकडं धावला. मी आणि शेजारची चंद्री, माझ्याच वयाची, माळवदावर चढून पाहत होतो. मोटार माणसांत अडकली. कुणी बॉनेटवर काठी आपटली. मग दगड आला. काच फुटल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. चंद्रीनं माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. मोटारीचं दार उघडलं आणि नानाकाका खाली उतरले. त्यांची टोपी पडली होती, कानावरून रक्त येत होतं. ते कुणाकडं न बघता चालायला लागले. गर्दी मागं मागं येत होती, शिव्या देत होती, पण कुणी अंगाला हात लावला नाही. मला अजून वाटतं, तो माणूस इतका घाबरलेला दिसत होता की त्याला मारायचं कसं, हेच त्यांना सुचलं नसावं.

मी धावत खाली आले तेव्हा वडील मांडवात उभे होते. नानाकाका त्यांच्यासमोर थांबले. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मग आला.

"दादा, सुमीले घेऊन जातो."

"तू कोन बे नेनारा? मायी पोरगी हाये. तुया कायदा अजून लागला नाई."

"नाई लागला," नानाकाका म्हणाले. "कायद्यानं मले काईच करता येत नाई. मले लय भेव लागून राह्यलं, दादा. पाय पाहा कसे कापून राह्यले. पन नेतो मी तिले."

वडिलांनी हात उगारला. तेवढ्यात आई घरातून बाहेर आली. सासऱ्या-दिरांसमोर, गावासमोर आई कधी अशी उभी राहिली नव्हती. तिच्या हातात माझ्या दोन परकर-पोलक्यांचं गाठोडं होतं. म्हणजे ते तिनं आधीच बांधून ठेवलं होतं. ती वडिलांकडं न पाहता म्हणाली, "न्या भाऊजी." वडिलांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी पाठ फिरवली आणि मांडवाच्या मेढीला कपाळ टेकवलं.

नानाकाकांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा बर्फासारखा गार आणि ओला होता. मोटारीपर्यंतची ती वाट मी आजही स्वप्नात चालते. रहीमभाईंनी मोटार चालूच ठेवली होती. आत बसल्यावर नानाकाका माझ्या अंगावर वाकून राहिले, दगड आला तर स्वतःला लागावा म्हणून, आणि गाव मागं पडून कितीतरी वेळ झाला तरी ते तसेच होते. शेवटी रहीमभाईच म्हणाले, "साहेब, आता कोनी नाई. पोरीले श्वास तं घेऊ द्या." मेहकरच्या अलीकडं नानाकाकांनी मोटार थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकले. मी विचारलं, "काका, भेव गेलं का?" ते म्हणाले, "नाई बाई. ते जाईन असं वाटतही नाई."

त्यांची भीती खोटी नव्हती. मेहकरात वर्षभर त्यांच्या घरी न्हावी आला नाही. पक्षकार तुटले. पुढच्या निवडणुकीत ते उभे राहिले आणि सपशेल पडले. मी नानाकाकांकडेच वाढले; वडील तिथं दारात पाऊल टाकायला तयार नव्हते. आई मधूनमधून येऊन मला भेटून जायची. वडील आले ते मी अमरावतीला शिकून शाळेत लागले तेव्हा. ओसरीवर भावाशेजारी बसले, पानाचा डबा पुढं सरकवला, आणि दोघं भाऊ पाऊसपाण्याचं बोलत राहिले. तेवढ्यावर मिटलं.

मिटलं नाही ते दुसरंच. वडिलांच्या दारातला तो मांडव वाया गेला नव्हता. नवरदेवाकडची माणसं रिकाम्या हातानं परत जायला तयार नव्हती. चंद्रीच्या बापानं पुढं होऊन तिला उभी केली. माझ्यासाठी दळलेल्या हळदीनं तिला हळद लागली. तिसऱ्या वर्षी ती बाळंतपणात गेली, त्याच्या पहिल्या बायकोसारखीच. ही बातमी आईनं आणली तेव्हा नानाकाका जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं. "माळवदावर दोघी होत्या," ते म्हणाले. "म्या दोघीयले पाह्यलं होतं. येकीलेच आनलं." काकूंनी समजावलं, दुसऱ्याची पोर कशी आणणार होतात? ते ऐकून घेत, मान हलवत. पण ते बोलणं त्यांच्या आत कधी उतरलं नाही.

पुढं वऱ्हाडातून दिल्लीला जाणारा प्रत्येक नवा माणूस, निदान आमच्या जिल्ह्यातला, जायच्या आधी त्यांना भेटून जाई. भाषण कसं करायचं हे ते सांगू शकत नव्हते. ते एवढंच सांगत, "तिकडं दाराशी पाय कापतीन. कापू द्या. चालत राहा." आणि थोडं थांबून म्हणत, "पन मत देल्ल्यावर घरी या. काम तं इकडंच पडून राह्यते." बरेचसे हसून उठत.

ज्या दिवशी दगड आला त्या दिवसापासून त्यांना एक सवय लागली होती. दिवेलागण झाली की ते स्वतः उठून पुढच्या दाराला कडी घालत, अडसर लावत आणि दाराशीच उभं राहून घरातल्या एकेकाला हाक मारत. यमुना? हाव, हाये. सुमे? हाये काका. आणि पुढं पुढं ते जरा वेळ तसेच उभे राहत, अडसरावर हात ठेवून, कान देऊन... जणू अजून कुणाची तरी 'ओ' यायची आहे. ती हाक त्यांनी कधी तोंडानं मारली नाही, पण कुणाची ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. संध्याकाळी काकू उठल्या, कडी घातली, अडसर लावला. "सुमे?" त्यांनी हाक मारली. मी 'हाये' म्हटलं. मला वाटलं, आता त्या आत येतील. पण त्यांनी अडसर पुन्हा काढला, दार थोडं उघडलं आणि बाहेर अंधारत चाललेल्या रस्त्याकडं बघत सावकाश म्हणाल्या, "चंद्रे... ये वं माय. आता आत ये."