वरची फळी आधी

नदी आणि पाणथळ यांच्यामधल्या बांधावर पाणी आत सोडायचं दार आहे. तिथे अठ्ठावीस वर्षं एकच माणूस नोकरीला होता. सगळे त्यांना दारवाले काका म्हणत. बांधाशेजारच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लांबच्या शहरात. स्वयंपाक सकाळी एकदाच करायचे. संध्याकाळी तेच गार जेवण, रेडिओवरच्या बातम्या ऐकत.

पूर्वी तिथे फक्त दगडी खाचांत एकावर एक बसवलेल्या सात फळ्या होत्या. नदी चढू लागली की काका वरची फळी काढत, मग तिच्याखालची. वरवरचं पाणी अलगद आत सांडायचं आणि त्यासोबत माशांची नुकती जन्मलेली पिल्लं यायची. प्रवाहाविरुद्ध पोहायची ताकद त्यांच्यात नसते. पाणी नेईल तिकडे ती जातात. पाणथळीत संथ पाणी आणि पोटभर खाणं मिळालं की बघता बघता बोटाएवढी होतात.

तीन वर्षांपूर्वी फळ्यांशेजारी मोटारीवर चालणारं लोखंडी दार बसलं. ते खालून उचललं जातं. तळाच्या फटीतून पाणी असं मुसंडी मारतं की पिल्लांचा चुरा होतो. पाणथळ काठोकाठ भरायची, जाळी मात्र रिकामी यायची. मासेमारांनी खापर काकांवर फोडलं. पूर्वी येता-जाता बांधावर टेकणारी माणसं आता परस्पर खालच्या वाटेने जाऊ लागली.

मासे विकणाऱ्या मावशींनी तर तोंडावरच विचारलं, ‘‘काका, डुलकी लागते का हो हल्ली? नदी येऊन निघून जाते, मग तुमचं दार उघडतं!’’

‘‘दार वेळेवर उघडतो, मावशी. दारच चुकीचं आहे.’’

‘‘वा! म्हणजे आता लोखंडाला दोष!’’

निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना वरच्या अंगाला पाऊस झाल्याचा निरोप आला. नदी चढणार होती. काका तडक अभियंता साहेबांकडे गेले.

‘‘साहेब, या वेळी मोटार नको. फळ्या काढू द्या.’’

‘‘अहो, एवढं मोठं दार काय शोभेला बसवलंय?’’

‘‘दोन दिवस शोभेलाच राहू द्या.’’

साहेबांना हसू आलं. ‘‘दोनच दिवस. आणि पाय घसरून पडलात तर माझ्याकडे तक्रार नको.’’

ते काम दोन माणसांचं; दुसऱ्याची जागा कधीच रद्द झाली होती. तीन वर्षांत फळ्या फुगून खाचांत गच्च बसल्या होत्या. काकांनी खाचांना ग्रीस लावलं, पहार घातली, दोर बांधला. पहिली फळी निघायला दुपार झाली. तिसरी निघाली तेव्हा तळहात सोलले होते. आत सांडणारं पाणी त्यांनी पांढऱ्या ताटलीत धरलं. केसासारखी बारीक, काचेसारखी आरपार दिसणारी पिल्लं. प्रत्येकाला डोळ्यांचे दोन काळे ठिपके. काकांनी मुलीला फोन लावला.

‘‘बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही महत्त्वाचं?’’

‘‘नाही गं, सहज.’’

त्यांनी ताटली पाणथळीत ओतली.

निवृत्तीनंतर काका तालुक्याच्या गावी, बाजारामागच्या एका खोलीत राहायला गेले. चार महिन्यांनी भाजी आणायला निघाले, तर मावशींची टोपली शिगोशीग भरलेली.

‘‘बघा काका, मोठ्या दाराने शेवटी करून दाखवलं!’’

‘‘दाराने नाही, मावशी. फळ्यांनी.’’

‘‘झालं! नोकरी सुटली, फळ्या काही सुटल्या नाहीत!’’ आजूबाजूचे हसले.

काका चार पावलं पुढे गेले आणि परत फिरले. ‘‘खुशाल हसा. पण पुढच्या वर्षी तिथे मी नाही. कुणी फळ्या काढल्या नाहीत, तर ही टोपली पुन्हा रिकामी. उद्या सकाळी बांधावर या, दाखवतो.’’

दुसऱ्या दिवशी ते आठपासून बांधावर उभे होते. अकराला मावशी आल्या, एकट्याच. काकांनी खाचा दाखवल्या, पहार कुठे लावायची, दोर कसा बांधायचा ते दाखवलं. मावशींनी पदर खोचला आणि वरची फळी वीतभर उचलून पाहिली.

‘‘किती काढायच्या?’’

‘‘तीन. वरची आधी. आणि पाणी चढत असतानाच. उतरायला लागल्यावर उपयोग नाही.’’

‘‘साहेब काढू देतील?’’

‘‘मला काढू दिल्या. तुम्ही चौघी-पाचजणी मिळून जा, नाही म्हणायचे नाहीत.’’

मावशींनी मान डोलावली, हात पुसले आणि खालच्या वाटेने निघून गेल्या. परतीच्या बसला दीड तास होता. काका बांधावरच बसून राहिले.