न दिलेलं इंजेक्शन

इस्पितळात सगळे त्यांना किल्लीकाका म्हणत. त्यांच्याकडे किल्ली एकही नव्हती. होता तो तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून असलेल्या ओलसर खोलीतला एक कॉम्प्युटर. इस्पितळाचा कारभार कॉम्प्युटरवर आल्यापासून डॉक्टर, नर्स, कारकून, ज्याचं त्याचं खातं झालं होतं. कुणाचं काही अडलं की काका त्या माणसाचं नाव निवडत, ‘या नावाने आत जा’ हे बटण दाबत आणि पासवर्ड न विचारता त्याच्या खात्यात शिरत. मग त्या माणसाला जे दिसलं असतं, अगदी तेच काकांना दिसे.

“काका, जरा माझ्यात जाऊन बघा ना,” असा वरून फोन आला की ते म्हणत, “आलोच. चहा टाकून ठेव.”

माणूस लोण्यासारखा मऊ. दुसऱ्याचं पाप आपल्या पदरात घ्यायची खोड. कारकुनाने प्रिंटरवर चहा सांडला, काका म्हणाले, माझा हात लागला. आयाच्या हातून कपाटाची काच फुटली, काका म्हणाले, माझा धक्का बसला. खरं काय ते इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनाही कळे. ते हसून सोडून देत.

आत शिरल्यावर काका जे करत, ते मात्र त्या माणसाच्याच नावावर लागे. काका तिथे येऊन गेल्याचा मागमूस राहत नसे. ही सगळी व्यवस्था बनवणाऱ्या इंजिनिअरबाईंनी एकदा विचारलं होतं, “काका, दुसऱ्याच्या खात्यात असाल तेव्हा वर लाल पट्टी दाखवू? आणि नोंदीत दोघांची नावं ठेवू?”

“घरातल्या घरात कसली पट्टी?” काका म्हणाले होते. “मी काय चोर आहे?” साहेबांनीही मान डोलावली आणि ते काम मागे पडलं.

एका दुपारी धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची सगळ्यांत नवी नर्स. तिच्या यादीत खिडकीजवळच्या खाटा दिसत नव्हत्या. काका तिच्या नावाने आत गेले, खाटा जागेवर आणल्या. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, सरावाचा वॉर्ड रिकामा करा म्हणून. शिकाऊ मुलींना हात बसावा म्हणून कॉम्प्युटरवर एक खोट्या रोग्यांचा वॉर्ड होता. त्यात उरलेल्या औषधांवर ‘दिलं’ अशी खूण करून तो रिकामा करणं हे काकांच्या अंगवळणी पडलेलं काम. फोन कानाशी धरून, साहेबांना “हो, हो” म्हणत, त्यांनी समोरची यादी उघडली. एकच इंजेक्शन बाकी दिसलं. त्यांनी खूण केली आणि बाहेर पडले.

यादी सरावाची नव्हती. ते अजून धाकटीच्याच खात्यात होते.

ते इंजेक्शन एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं होतं. सुई बोटात घुसून हात सुजला होता, ताप उतरत नव्हता. तिला एक्स-रेला नेलं होतं म्हणून धाकटीने इंजेक्शन पुढच्या पाळीसाठी ठेवलं आणि ती घरी गेली. पुढच्या पाळीच्या नर्सने यादीत ‘दिलं’ वाचलं आणि ती पुढच्या खाटेकडे वळली. बाईचा संसर्ग रक्तात पसरला. आठवडा सरायच्या आत ती गेली.

चौकशीत खुणेची वेळ वाचून दाखवली, तेव्हा काकांना साहेबांचा तो फोन आठवला. ते उभे राहिले.

“ती खूण माझी आहे. मी हिच्या खात्यात होतो.”

साहेबांनी चष्मा काढला. “काका, बसा. हा प्रिंटर नाही. बाई मेली आहे.”

“म्हणूनच सांगतोय. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका.”

“इथे संन्यासीच चोर व्हायला निघालाय,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया होती, आणि तीच काकांना सोसेना.

साहेबांनी इंजिनिअरबाईंना विचारलं, काका आत होते हे दाखवता येईल का? त्यांनी मान खाली घातली. “नाही. यात फक्त तिचंच नाव आहे.”

घरी काकांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबवून तिने विचारलं, “खरं सांगताय, की पोरीला सांभाळून घेताय?”

काका जेवले नाहीत.

धाकटीला काढून टाकलं. गणवेश परत करायला ती धुण्याच्या खोलीत आली आणि जाता जाता काकांच्या दारात थांबली.

“काका, आता पुरे करा. मीच केली असेन ती खूण.”

“अगं, तू नाही केलीस. माझ्या या हाताने केली.”

“त्या दिवशी फार दमले होते मी. आता आठवल्यासारखं वाटतं. बोट ठेवलं असणार मी.” ती थोडं हसली. “तुम्ही सगळ्यांचंच घेता अंगावर. माझं नका घेऊ.”

काकांनी तिचा दंड धरला, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. खाटा, साहेबांचा फोन, सरावाचा वॉर्ड. ती ऐकत राहिली, रोग्याची बडबड ऐकावी तशी. मग हलकेच हात सोडवून घेऊन निघून गेली.

काही महिन्यांनी इंजिनिअरबाई आल्या. काकांनी अर्ज करकरून साहेबांना बदल करायला लावले होते. आता दुसऱ्याच्या खात्यात शिरायचं तर कारण लिहावं लागे, त्या माणसाला निरोप जाई, आणि औषधांच्या यादीवर खूणच करता येत नसे. काकांनी मोठ्या सिस्टरांच्या नावाने आत जाऊन पाहिलं. पडद्यावर लाल पट्टी उमटली, तिच्यावर दोन्ही नावं.

“हे तेव्हा असतं, तर माझ्यावर विश्वास बसला असता,” ते म्हणाले.

“तेव्हा असतं तर खूण झालीच नसती, काका.”

वरून फोन आला. “काका, जरा माझ्यात जाऊन बघता?”

“नाही गं,” काका म्हणाले. “तूच बघ. मी इथून सांगतो.”