नातीच्या सुट्टीसाठी जुनं मशीन

माझी नात उन्हाळ्याच्या सुट्टीला पुण्याहून बिदरला आली आणि चार दिवसांत उदगीरला आईच्या माहेरी निघून गेली. कारण विचारलं तर म्हणाली, "आज्जा, तुमच्या कॉम्प्युटरवर गाडी पळतच नाही हो."

तिला गाड्यांच्या शर्यतीचा गेम लागायचा. माझ्या घरचं मशीन म्हणजे पोराच्या कंपनीनं काढून टाकलेलं. वळण आलं की चित्र थिजायचं, आणि सुटेपर्यंत गाडी भिंतीवर. उदगीरच्या इवायाकडं नवं मशीन होतं. हा माझ्या सुनेचा बाप, रिटायर हेडमास्तर. फोनवर मला म्हणाला, "पाव्हणं, ते भंगारात घाला आता. लेकराची सुट्टी कामून वाया घालवता?"

मी शाळेची पायरी जेमतेम दोन वर्षं चढलो. मंठाळ गावची मेंढरं विकून बिदरच्या मैलूर भागात आलो, गोदामात पोती उचलली, पण कुणाचं ऐकून घ्यायची सवय लावून घेतली नाही. तिथंच ठरवलं, दिवाळीची सुट्टी पोरगी माझ्याच घरी काढणार, आणि ह्याच मशीनवर खेळणार. पोरगा म्हणाला, "अप्पा, हप्त्यावर नवं घेऊ." म्हटलं, "हप्त्याची वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई."

मशीन सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि बसस्टँडामागच्या कॉम्प्युटरवाल्याकडं नेलं. त्यानं आधी लाल-निळे दिवे लागणारा मशीनचा नवा डबा पुढं केला. "चचा, ये लेलो, क्या दिखता देखो."

"दिसून काय करू? पळायला पायजे."

मी त्याला आमची रीत सांगितली. मेंढा घेताना आम्ही आधी चालवून बघतो, कुठला पाय आखडतो ते. ह्याचा कुठला पाय आखडतो ते दाखव, तेवढाच बदलू. आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची, म्हणजे गुण कशाचा आला ते कळतं. तो हसला, पण मी स्टुलावरून हलत नाही म्हटल्यावर कामाला लागला. आधी रॅमची आणखी एक पट्टी बसवली. गेम लवकर उघडला, पण वळणावर थिजणं तसंच. मग म्हणाला, चित्राचं कार्ड पाहिजे, आणि नव्या कार्डाची खाच ह्या बोर्डाला जुळत नाही.

"इस के वास्ते नवा बोर्डच होना, चचा."

"बोर्ड नको. ह्याच खाचेचं जुनं कार्ड हुडक."

रोज जाऊन बसायला लागलो. शेवटी माझा कंटाळा येऊन त्यानं कुणाच्या तरी मोडीत आलेल्या मशीनमधलं कार्ड काढलं. ते बसवलं तर मशीन चालूच राहीना. जुन्या पॉवर सप्लायला त्याचं पोट भरता येत नव्हतं. तेवढी एक वस्तू मी नवी घेतली. दाण्यापाण्यात काटकसर करत नसतो मी. मॉनिटर, डबा, कीबोर्ड सगळं जुनंच ठेवलं. मग त्याच वळणावर गाडी घातली, आणि ती न अडखळता निघून गेली.

आमचा देव मैलारचा खंडोबा. घरात नवं काही आलं की त्या वस्तूवर हळदीचा भंडारा पडतो. मशीनला वारा लागावा म्हणून मी डब्याचं झाकण काढूनच ठेवलं होतं, आणि दर आइतवारी मूठभर भंडारा उधळत होतो.

दिवाळीला पोरगी आली. गाडी पळताना बघून नाचली. आणि थोड्या वेळानं मशीन आपोआप बंद. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. संध्याकाळी तिनं स्वतः उदगीरला फोन लावला. इवाई म्हणाला, उद्या दुपारी न्यायला येतो.

सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी मी मशीन घेऊन भांडायला हजर. "फसवलास मला! सडकं कार्ड घातलंस."

त्यानं आत वाकून बघितलं आणि पंख्यावर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. पंख्याखालच्या पत्र्याच्या फटी हळदीनं गच्च बुजल्या होत्या. गरम झालं की मशीन जीव वाचवायला बंद पडत होतं.

"चचा, मशीन को हळदी लगाए? शादी है क्या इस की?"

"व्हय, हाय. वऱ्हाड दुपारी येतंय. लवकर आटप."

"शाम को आओ."

"शाम को पोरगी ऱ्हात न्हाई. पंखा काढ, बाकी मी बघतो."

ब्रश मागून घेतला आणि एकेक फट साफ केली. लोकरीतले काटे वेचलेला हात आहे, त्याला हे काय जड? त्यानं चिपवर उष्णता ओढून घेणारं मलम लावून पंखा बसवला, झाकण स्क्रूनं आवळलं. "भंडारा बाहर से लगाओ, अंदर नक्को." देवाला चालेल का ते त्यानं सांगायची गरज नव्हती. पण बाहेरून लावायचं मी कबूल केलं.

घरी आलो तर इवाई चहा पीत बसलेला, पोरीची बॅग दारात.

"कशाला एवढा खटाटोप, पाव्हणं?"

"बसा. आधी खेळू द्या, मग बोला."

पोरीनं मशीन लावलं, गेममध्ये कुठंतरी जाऊन काहीतरी बंद केलं. "आज्जा, सावल्या काढून टाकल्या. मशीनवरचा भार कमी होतो."

"काढ की. गाडीला सावली कशाला पायजे?"

मी डब्याच्या मागं हात धरून बसलो. वारा कोमट येत होता, पण येत होता. एक शर्यत झाली, दुसरी झाली. इवायानं घड्याळ बघितलं. मग खुर्ची पुढं ओढली. मग ओरडायलाच लागला, "डावीकडं घे गं, डावीकडं!"

"आण्णा, मी इथंच राहते," पोरगी पडद्यावरची नजर न काढता इवायाला म्हणाली.

इवायानं उठून दारातली बॅग आत नेऊन ठेवली. परत येऊन मला हळूच म्हणाला, "हिचं झाल्यावर मला एकदा फिरवून बघू द्या."

"शेवटची बस जाईल तुमची."

"जाऊ द्या."

मी आत हाक मारून त्याच्यासाठी दोन भाकरी जास्त टाकायला सांगितल्या.