अर्धी प्रदक्षिणा

अर्धांगवायूतून वाचलो, पण चाल गेली. डाव्या पायाचा गुडघा ताठ राही, चवडा खाली लोंबे, आणि पाऊल टाकायचे तर तो पाय बाहेरून वळसा घालत, विळ्याने गवत कापावे तसा फिरवावा लागे. "गुडघ्यात वाकवा, मास्तर, फिरवू नका," असे डॉक्टर दर वेळी सांगत. मला ते जमत नव्हते. शाळेने माझी जागा राखून ठेवली होती. पण अशा चालीने वर्गात शिरण्यापेक्षा कायमचे गावी परत जावे, असे मनात येऊ लागले होते. घरातला पहिला पदवीधर असा परत जाणार, या विचाराने देवाचे नावही तोंडी येईना.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. एका हरताळाच्या सकाळी गिरगाव चिडीचूप होते. पत्नी म्हणाली, "आज ट्राम नाही, मोटार नाही, बघायलाही कोणी नाही. आज तरी चला की!" वाडीच्या तोंडाशीच महादेवाचे लहानसे देऊळ होते. स्वतःच्या पायांनी पूर्ण प्रदक्षिणा घालीन, असे मी इस्पितळात असताना बोललो होतो. ती दारात चपला सांभाळत थांबली, आणि मी उजवा हात देवळाच्या भिंतीला टेकत एकटाच निघालो.

आमचे ग्रामदैवत देवीचे, त्यामुळे पूर्ण फेरीचीच सवय. महादेवाची पन्हळ ओलांडायची नसते, हे नवस बोलतानाही सुचले नव्हते. अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी ती पन्हळ समोर आली, आणि मी पाय उचलू लागलो. उचलेना. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आले.

"अरे झिला, खंय चललंस?" मागून आवाज आला. हातात बेलाची परडी घेतलेली एक म्हातारी मालवणी बाई उभी होती. "म्हादेवाची पन्हळ ओलांडतत काय कोण? काय झाला पायाक?"

"अर्धांगवायू," मी कसाबसा म्हणालो.

"मगे बरा झाला! अर्धा आंग तुझा, अर्धा तेचा. तेका पण अर्धीच फेरी लागता. चल, फिर मागे."

आजारपणानंतर मी पहिल्यांदाच मोठ्याने हसलो.

तिने माझा उजवा दंड धरला. देवळाभोवतीची बोळ जेमतेम दोन माणसांपुरती. परतताना भिंत माझ्या डाव्या अंगाला आली, आणि पाय बाहेरून फिरवायला जागाच उरली नाही. अंगठा दोनतीनदा भिंतीवर आपटला. "अरे, देवाक लाथो कित्या मारतंस?" ती हसून म्हणाली. मी ओशाळून पाय आत घेतला, आणि गुडघा वाकला. थोडासाच, पण पाऊल जमिनीवरून सुटून सरळ पुढे पडले. मग आणखी एक.

दाराशी पोचल्यावर पत्नीला हे सांगताना मला रडू आवरेना. मागे वळून पाहिले, तर आजी नंदीपुढे बेल वाहण्यात गुंग होती. पुढे तिची गाठ पडली नाही.

मी शाळेत परत गेलो. पाय अजून थोडा ओढतो, मुले माझी नक्कलही करतात. हे कोणी घडवले, हे मी विचारत नाही. जिथे अडलो तिथून महादेवाने मला मागे फिरवले, एवढेच जाणतो, आणि जे सुटले ते त्याच्यापाशी ठेवून चालतो. त्या देवळात आजही अर्धी प्रदक्षिणा घालतो. पन्हळीशी वळताना तोल सावरायला देवळाच्या भिंतीला हात लावावा लागतो. त्यातच नमस्कारही होऊन जातो.